आरलिसला तिसऱ्यांदा विचारायचं असतं

आमच्या शेजारच्या आरलिस हॅल्वरसनला काहीही देऊ केलं, तर ती आधी नको म्हणते. पुन्हा विचारलं तरी नको म्हणते. तिसऱ्यांदा विचारलं की खुर्चीत जरा सावरून बसते आणि म्हणते, "बरं, तू एवढं म्हणतेच आहेस तर." मग ती कॉफी असो, केकचा तुकडा असो, नाहीतर बर्फात रुतलेली गाडी ढकलून देणं असो. आमच्या या नॉर्डाल गावात सगळीच माणसं थोडीफार अशी आहेत, पण आरलिस म्हणजे त्यांचा अर्क.

मला हे कुणी शिकवावं लागलं नाही. मी मिरजेची. आमच्याकडे पंगतीत पानावर हात आडवा धरला की वाढणारा बोटांच्या फटीतून जिलबी सोडायचा. लग्न होऊन अमेरिकेत, आयोवात आले, तेव्हा सगळ्यांनी सांगितलं होतं की तिकडची माणसं तोडून बोलतात, सांभाळून राहा. आणि पहिल्याच आठवड्यात ही बाई दारात लिंबाच्या बारचं, म्हणजे लिंबाच्या गोड वड्यांचं, भांडं घेऊन उभी. आत ये म्हटलं तर नको, बस म्हटलं तर नको, चहा घे म्हटलं तर "तुला उगाच त्रास." तिसऱ्यांदा म्हटल्यावर बसली ती दोन तास उठली नाही. उठताना मांड्यांवर हात आपटून "वेल" म्हणाली, म्हणजे "चला, निघते", आणि त्यानंतर अर्धा तास दारात उभी राहून बोलली. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, इथे माझं जमेल. माझं नाव मृणाल. आरलिसने त्याचं मर्ना केलं, कारण मर्ना नावाची तिची एक आत्या होती. आता माझा नवराही चिडला की मला मर्नाच म्हणतो.

तिचं लग्नसुद्धा असंच झालं. ही गोष्ट मी कुंपणावरून इतक्यांदा ऐकली आहे की मीच ती पाहिली असं मला वाटतं. जत्रेत शिकागोकडच्या एका देखण्या पोराने तिला नाचायला बोलावलं. आरलिस नको म्हणाली. पोरगा "बरं" म्हणाला, टोपी उचलली आणि दुसरीकडे गेला. आरलिस तिथेच लिंबू सरबताचा पेला धरून उभी. त्यानंतर तिला ड्वेन हॅल्वरसनने विचारलं, आणि त्याने नाचायचं वगैरे नाही, थेट लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, तुला माझ्यापेक्षा बऱ्या मुली मिळतील. त्याने चर्चच्या तळघरात पुन्हा विचारलं. ती म्हणाली, माझ्या आईला दुधाच्या कामात मदत लागते. मग एक दिवस तो भल्या पहाटे त्यांच्या गोठ्यात आला, एक शब्द न बोलता बादली उचलून दूध काढायला बसला, आणि चौथी गाय झाल्यावर म्हणाला, आता? आरलिस म्हणाली, "बरं, तू एवढं म्हणतोच आहेस तर."

"आणि तो शिकागोवाला?" मी एकदा विचारलं होतं.

"चांगला होता बिचारा," आरलिस म्हणाली. "त्याला थांबता येत नव्हतं एवढंच."

ड्वेनबरोबर तिने शेती केली. शेती विकल्यावर दोघं गावात, आमच्या शेजारी राहायला आली. गावच्या धान्य-कोठाराच्या खिडकीत बसून तिने वर्षानुवर्षं मक्याच्या गाड्या मोजून घेतल्या. ड्वेन गेल्यावर घर अंगावर यायला लागलं, तेव्हा तिने युनिव्हर्सिटीत घरमालकीण म्हणून नाव नोंदवलं आणि दर ऑगस्टला परदेशातून एक वर्षासाठी येणारा एखादा विद्यार्थी घरी ठेवायला सुरुवात केली. एक नॉर्वेचा पोरगा होता, तो उभ्या उभ्या अख्खा पाव खायचा. घानाची एक मुलगी होती, ती अजून ख्रिसमसला फोन करते. कुणाचंही नाव काढलं की आरलिस म्हणते, "फार काही वाईट नव्हता." नॉर्डालमध्ये यापेक्षा मोठी स्तुती नाही.

गेल्या हिवाळ्यात ती अंगणातल्या बर्फावर घसरली आणि मनगट मोडून बसली. झालं. तिचा मुलगा क्रेग ॲरिझोनात असतो. तो आला, घरभर फिरला, तळघराच्या जिन्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाला, एकटीने आणखी एक हिवाळा इथे काढायचा नाही. घरात कुणी तरणं माणूस असेल तर ठीक, नाहीतर बर्फ पडायच्या आत घर विकायचं आणि माझ्याकडे यायचं. क्रेग वाईट नाही. त्याच्या घरामागे आईसाठी खोली तयार आहे. पण त्याच्या अंगणात गवताच्या जागी खडे पसरलेत, आणि आरलिसला विचारलं तर ती म्हणते, "खडे नीटनेटके आहेत." यावरून काय ते समजायचं.

हे तिने मला जुलैत सांगितलं, माझ्या पायरीवर घोसाळ्याएवढ्या मोठ्या झुकिनी ठेवता ठेवता. सांगून झाल्यावर माझा हात धरला. आरलिस कुणाचा हात धरत नाही.

"मर्ना, जी कुणी मुलगी येईल तिला यातलं काही कळता कामा नये. कीव म्हणून कुणी माझ्याकडे राहिलेलं मला चालणार नाही. त्यापेक्षा मी खडे बघत बसेन."

मी शब्द दिला. माझ्यासारख्या तोंडाळ बाईकडून असला शब्द घेणं हा निव्वळ छळ आहे, पण दिला.

ऑगस्टात पिन-युन आली. तैवानमधल्या चियायीची, विशीतली, वनस्पतिशास्त्र शिकणारी, कपाळावर केस सरळ रेषेत कापलेले. उन्हात छत्री घेऊन चालायची. निरभ्र आकाशाखाली छत्री घेतलेली मुलगी बघून रस्त्यातले पिकअप थांबायचे आणि लोक विचारायचे, पोरी, सगळं ठीक आहे ना, कुठे सोडू का?

आता यात खोट कुठे पडली ते सांगते. विद्यार्थी आले की युनिव्हर्सिटीत एक दिवस त्यांना आणि त्यांच्या घरमालकांना एकत्र बसवून चार गोष्टी सांगतात. सांगणारा ट्रेंट. कॅलिफोर्नियातून आलेला, थंडीतही अर्ध्या चड्डीत फिरणारा, मनाने अगदी चांगला. त्याने विद्यार्थ्यांना सांगितलं: अमेरिकेत माणसं मनात असेल तेच बोलतात. एकदाच विचारतात. हवं असेल तर लगेच हो म्हणा, नको असेल तर नको म्हणा, आणि समोरचा नको म्हणाला तर ते नकोच समजा. मग तो घरमालकांकडे वळला आणि म्हणाला, मुलांना आग्रह करू नका. त्याने त्यांच्यावर दडपण येतं.

आरलिस घरी आली ती परीक्षेला बसल्यासारखा चेहरा करून. मला म्हणाली, आता आग्रह करायचा नाही, एकदाच विचारायचं. मी म्हटलं, काहीतरीच काय. तर म्हणाली, "अगं, त्याने त्यातली पदवी घेतली आहे."

पहिल्या रात्री तिने हॉटडिश केली होती. खाली खिमा, मधे मश्रूमचं सूप, वर बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्यांची रांग. पिन-युनने थोडीशी खाल्ली. आरलिसने विचारलं, आणखी वाढू? पिन-युन पडली चांगल्या घरातली. पहिल्या विचारण्याला हो कोण म्हणतं? ती म्हणाली, नको, पोट भरलं. आणि आरलिसने, जिने उभ्या आयुष्यात कुणाला दुसऱ्यांदा विचारल्याशिवाय उठू दिलं नव्हतं, तिने काळजावर दगड ठेवून भांडं उचललं आणि फ्रीजमध्ये ठेवलं. पोरगी अर्धपोटी झोपली. इकडे आरलिसलाही झोप नाही.

त्यानंतर पिन-युन शहाणी झाली. विचारलं रे विचारलं की हो म्हणायची. तेही इतक्या घाईने, की वाढणारीने डाव उचलायच्या आत. आरलिस दचकायची. पण ती मुलगी खातेय याचाच तिला आनंद. पंचाईत दुसरीकडेच होती. ट्रेंटने आरलिसला आग्रह करू नको म्हणून सांगितलं होतं. नको म्हणायचं सोड, असं कुणीच सांगितलं नव्हतं. आणि आपण नको म्हणतो हे आरलिसला माहीतच नाही, जसं आपण श्वास घेतो ते आपल्याला माहीत नसतं.

दुसऱ्याच दिवशी पिन-युनने घरून आणलेला अननसाच्या केकचा डबा दोन्ही हातांनी पुढे केला. लाल कागद, त्यावर सोनेरी दोरा. आरलिस म्हणाली, "अगं, हे कशाला आणलंस? मला काही नको होतं." पिन-युन क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिला ट्रेंट आठवला. ती "सॉरी" म्हणाली आणि डबा घेऊन आपल्या खोलीत गेली.

"मी बघतच राहिले," आरलिसने मला सांगितलं. "मर्ना, त्यावर अननसाचं चित्र होतं."

तेव्हा मी हसून हसून बेजार झाले. पुढे मात्र हसू येईनासं झालं. पिन-युन म्हणायची, भांडी मी घासू? आरलिस म्हणायची, राहू दे, तू बस. पिन-युन बसायची आणि हात मांडीवर घेऊन, कानकोंडी होऊन, आरलिसला भांडी घासताना बघायची. पिन-युन म्हणायची, बाजारात येऊ का सोबत? आरलिस म्हणायची, तुला कशाला त्रास. पिन-युन घरीच राहायची. दोघीही दिवसभर वाट बघायच्या की समोरची आणखी एकदा विचारेल, आणि दोघीही रात्री आपापल्या खोलीत दार लोटून घ्यायच्या. एकाच आळीत वाढल्यासारख्या दोघी, आणि त्या अर्ध्या चड्डीवाल्याने दोघींना एकच औषध पाजून ठेवलेलं.

युनिव्हर्सिटीतही तिचं धड नव्हतं. वर्गात मुलं बर्गर खातात, मास्तरांना नावाने हाक मारतात, आणि मास्तर सगळ्यांना मत विचारतात. ही तिकडे मत तयार करेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. जेवणाच्या हॉलमध्ये ती भिंतीकडे तोंड करून बसायची. युनिव्हर्सिटीतच नोकरी करणाऱ्या माझ्या नवऱ्याने तिला तिथे तसं पाहिलं होतं. रात्री घरात इतकी शांतता, की तिला झोप यायची नाही. तिच्या घराखाली भाजीबाजार भरतो.

एकदा ती तळघरात रडत होती. कपडे धुवायचं यंत्र चालू असताना, फ्रीझरशेजारच्या स्टुलावर बसून, म्हणजे आवाज वर जाणार नाही. पण यंत्र मधे थांबतं. आरलिस जिन्याच्या वरच्या टोकाला उभी होती. पाय उचलला, खाली ठेवला. जाऊ की नको. दडपण येईल. शेवटी तिने वरच्या पायरीवर स्वच्छ टॉवेलांची घडी ठेवली आणि आपल्या खोलीत निघून गेली. हे मला सांगताना ती माझ्या खिडकीबाहेर बघत होती. मी तिला मनापासून रागावले. म्हटलं, आरलिस, पोर रडत असताना जिन्यात उभं राहायला कुठल्या पदवीत शिकवतात? तिला किती लागलं होतं हे मला दिसत होतं, आणि मी आणखी लावत होते.

मग सप्टेंबरात हॉस्टेलमधली एक मुलगी शिक्षण सोडून गेली आणि एक जागा मोकळी झाली. ऑफिसने पिन-युनला विचारलं, येतेस का? तिने न्याहरीच्या टेबलावर आरलिससमोर ते सांगितलं. आरलिसच्या हातात टोस्टची सुरी होती. ती म्हणाली, माझा विचार तू मुळीच करू नकोस, तुझ्यासाठी जे बरं ते कर, तिकडे तरुण मुलांत तुला छान वाटेल. पिन-युनने थोडा वेळ वाट पाहिली. आरलिसने टोस्टला लोणी लावलं. पिन-युन "ओके" म्हणाली.

तासाभराने आरलिस माझ्या स्वयंपाकघरात, पर्स मांडीवर घेऊन. म्हणाली, मुलगी शनिवारी जाते आहे, क्रेगला रविवारी फोन करीन.

"तू तिला राहा म्हणालीस?"

"मी तिच्यावर सोडलं."

"म्हणजे जा म्हणालीस."

"मर्ना, मी तिला जा असं म्हटलेलंच नाही," आरलिस म्हणाली. मग पर्सची कडी उघडली, बंद केली. "ॲरिझोनात म्हणे संत्री अंगणात लागतात. फार काही वाईट नसेल."

गुरुवारी संध्याकाळी पिन-युन माझ्याकडे आली, सामानासाठी रिकामी खोकी मागायला. ती मला तिच्या भाषेतल्या मावशीच्या नावाने हाक मारायची. मी तिला बसवलं, चहा घेतेस का विचारलं. ती जमिनीकडे बघत झटकन म्हणाली, हो.

"असं पटकन हो म्हणायला कुणी शिकवलं ग तुला?"

तिचे कान लाल झाले. "मावशी, फार अवघड जातं. प्रत्येक वेळी वाटतं, मागून माझी आमा बघतेय."

आमा म्हणजे तिची आजी. मी विचारलं, तुझ्या आमाच्या घरी पाहुणा पुरे म्हणाला तर काय होतं? आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा मी त्या मुलीला खदखदून हसताना पाहिलं. म्हणाली, पाहुण्याला वाटी टेबलाखाली लपवावी लागते. आमा टेबलाखाली जाऊन वाढते. एकदा एका काकांनी भेट घ्यायला नकार दिला, तर आमाने ती त्यांच्या चालत्या स्कूटरच्या टोपलीत फेकली आणि वर म्हणाली, जा आता पोलिसात.

"मग इथून का जातेस? आवडत नाही?"

तिने कप दोन्ही हातांत धरला. "मला आवडतं. पण त्यांना माझी अडचण होते. भेट घेतली नाही. मदत घेत नाहीत. जाऊ का विचारलं तर म्हणाल्या, छान वाटेल. इथली माणसं मनात असेल तेच बोलतात."

"कोण म्हणालं?"

"ट्रेंट."

"ट्रेंट कॅलिफोर्नियाचा आहे," मी म्हटलं. "तो अमेरिकेबद्दल सांगत होता. आरलिस नॉर्डालमध्ये राहते."

क्रेगचं नाव माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. एक वाक्य, आणि ही मुलगी धावत जाऊन आरलिसच्या गळ्यात पडली असती. पण मग तीच कीव झाली असती, आणि मी शब्द दिला होता. तेव्हा ज्याबद्दल शब्द दिला नव्हता ते मी सांगितलं. ड्वेनची गोष्ट. जत्रा, सरबताचा पेला, चर्चचं तळघर, गोठा, बादली, चौथी गाय, सगळं. पिन-युन कप तसाच हातात धरून ऐकत होती.

"त्यांनी तिसऱ्यांदा विचारलंच नसतं तर?" तिने विचारलं.

"तर आरलिस अजून त्या गोठ्यात उभी असती."

तिने मान हलवली, चहा संपवला, आणि खोकी घेऊन गेली. सगळीच्या सगळी खोकी. मी दाराशी उभी राहून तिच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, गेलं. माझ्या गोष्टीने काय होणार होतं.

शनिवारी सकाळी मी गाडी त्यांच्या दारात लावली. तिला पोचवायचं मीच कबूल केलं होतं. दोन बॅगा, तीन खोकी आणि ती छत्री डिकीत गेली. आरलिसने चांगला निळा स्वेटर घातला होता. मग सुरू झाला नॉर्डालचा निरोप. ज्याला तो माहीत नाही त्याला वाटेल, ही माणसं निघणार तरी कधी. स्वयंपाकघरात "वेल" झालं, मग बैठकीत, मग दारात. दारात हवेबद्दल बोलून झालं. मग पायरीवर येऊन मक्याबद्दल बोलून झालं. आरलिसने बारचं भांडं तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, भांडं परत करायची घाई नाही. मी गाडीला टेकून उभी होते. खरं सांगते, मला आरलिसचा राग येत होता, मुलीचा राग येत होता, आणि रडूही येत होतं.

तेवढ्यात पिन-युनने बारचं भांडं पायरीवर ठेवलं, खांद्यावरच्या पिशवीतून तो लाल डबा काढला आणि दोन्ही हातांनी आरलिससमोर धरला.

"हे तुमच्यासाठी."

"अगं नको, तिकडे मैत्रिणींना दे," आरलिस म्हणाली.

पिन-युनने हात मागे घेतले नाहीत. "मैत्रिणी नाहीत अजून. तुमच्यासाठी आणलाय."

"उगाच मला एकटीला एवढं."

पिन-युनने एक पाऊल पुढे टाकून डबा आरलिसच्या स्वेटरच्या पोटाशी दाबला आणि सोडून दिला. आता धरला नसता तर पडला असता. आरलिसने धरला.

"बरं," ती म्हणाली. "तू एवढं म्हणतेच आहेस तर."

मी गाडीला टेकले होते ती सरळ झाले. पिन-युनने माझ्याकडे पाहिलं नाही. ती आरलिसकडेच बघत होती, कपाळावरच्या केसांच्या सरळ रेषेखालून, एखादं झाड ओळखायचं असावं तशी.

"मी इथे राहिले तर चालेल का?"

आरलिसने डबा उलटा केला, सुलटा केला. "अगं, तुझं सगळं सामान भरून झालंय."

"सामान काढता येतं. मी राहू का?"

"तिकडे तुझ्या वयाची मुलं आहेत," आरलिस म्हणाली. "इथे काय, एक म्हातारी आणि एक फ्रीझर."

दोनदा झालं. मी मनात ओरडत होते, आणखी एकदा विचार, पोरी. फक्त एकदा. पण पिन-युनने विचारलंच नाही. ती वळली आणि पायऱ्या उतरून गाडीकडे आली. वाटलं, थांबता न येणाऱ्यांतलीच ही. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, डिकी उघडा." मी उघडली. तिने तिची सगळ्यांत मोठी बॅग दोन्ही हातांनी ओढून खाली घेतली, आणि फरफटत, पायरी पायरी वर चढवत, आरलिसच्या बाजूने घरात नेली. आतून बॅग फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. मग ती पुन्हा बाहेर आली आणि दुसरी बॅग घेऊन गेली. आरलिसकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. ड्वेनने त्या पहाटे बादली अशीच उचलली असणार.

आरलिस दाराची चौकट धरून उभी होती. आत बघून, जरा मोठ्याने, कारण मुलगी तोवर खोलीपर्यंत पोचली होती, ती म्हणाली, "बरं, तू एवढं म्हणतेच आहेस तर."

मी खोकं घेऊन पायऱ्या चढले तेव्हा तिने मला अडवलं.

"मर्ना, क्रेगचं तिला..."

"नाही," मी म्हटलं. "एक अक्षर नाही. शपथ."

"म्हणजे तिला काहीच माहीत नाही."

"काहीच नाही. तिला तुझ्याकडे राहायचंय, एवढंच."

आरलिसने तो लाल डबा छातीशी धरला आणि ती रडायला लागली. ड्वेनला पुरलं त्या दिवशीही मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हा ती आलेल्या लोकांना कॉफी देत होती. आता तिला डोळे पुसायला हातही मोकळा नव्हता आणि डबा खाली ठेवायला ती तयार नव्हती. माझ्याही हातात खोकं. मी ते तसंच घेऊन तिच्या शेजारी उभी राहिले. मला या बाईचा किती लळा आहे ते मी कधी तिला सांगितलेलं नाही. इथे ते सांगत नाहीत. त्या दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "वेल," आणि नाक ओढलं.

खोकं ठेवायला आत गेले तर स्वयंपाकघरात हॉटडिशचा वास. ओव्हनमध्ये मोठं भांडं होतं, एका माणसाचं नव्हे. आणि टेबलावर दोन ताटल्या मांडलेल्या, दोन काटे, दोन पेले. मुलगी जाणार म्हणून निळा स्वेटर घालून बसलेल्या बाईने सकाळीच टेबलावर दोघींची पानं मांडली होती.

"हे काय?" मी विचारलं.

"सवय," आरलिस म्हणाली. डबा तिने मधोमध ठेवला.

पिन-युन हात धुऊन आली आणि तिने फडकं घेऊन ओव्हनमधलं भांडं काढायला सुरुवात केली. आरलिस म्हणाली, राहू दे, भाजेल तुला. पिन-युनने ऐकलं नाही. मी म्हटलं, मी निघते, घरी आमटी-भात करून ठेवलाय. एकदाच म्हटलं. आरलिसने मला काही विचारलं नाही. तिने कपाट उघडलं, तिसरी ताटली काढली आणि माझ्यासमोर ठेवली.